बायोप्सीची 'जीन टेस्ट' कुणी केलीय का? भावाला आईची किडनी बसवून १४ महिने झालेत

कृष्णाकाठचा (सांगली)

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज लिहायची वेळ आली, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट पुण्यात झालं, १४ महिने झाले, किडनी आईची. पहिलं वर्ष झकास गेलं, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) १.१-१.२ च्या वर कधी गेलं नाही, पठ्ठ्या विश्रामबागला परत दुकानात बसायला लागला, आम्ही सगळे निवांत. मागच्या महिन्यात नेहमीचं रक्त दिलं तर १.५, आठ दिवसांनी १.८. ताप नाही, सूज नाही, लघवी व्यवस्थित, त्याला स्वतःला काहीच होत नाहीये, म्हणून तर जास्त भीती वाटायला लागली. टॅक्रोची (टॅक्रोलिमस, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) रक्तातली लेव्हल एकदा ९ च्या वर आली आणि पुढच्या खेपेला ५ च्या खाली. परवा बायोप्सी झाली, म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढला, नंतर चोवीस तास उताणा झोपवून ठेवलं त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आलाय.

रिपोर्टमधे लिहिलंय बॉर्डरलाइन. म्हणजे रिजेक्शन (शरीर किडनी नाकारतंय) आहे म्हणावं तर धड नाही आणि नाही म्हणावं तर आहे. डॉक्टर म्हणले की उरलेल्या तुकड्यावर जीन एक्स्प्रेशनची टेस्ट करायला बाहेर पाठवूया, किडनीत कुठली जीन्स चालू झालीत ते कळेल. मी मान डोलावली आणि लिफ्टमधे आल्यावर लक्षात आलं की आपल्याला काडीचं कळलेलं नाही.

तर किडनी आईची म्हणजे जीन्स आईची ना, मग ती आता भावाच्या अंगात राहून बदलतात का? या गोळ्या जीन्स बंद करतात म्हणे, ते खरं का? आणि बॉर्डरलाइन आहे तर सरळ स्टेरॉइडचे तीन डोस देऊन मोकळं का होत नाहीत, वाट कशाची बघतात? घरात मामा रोज सांगतोय गोळ्या कमी करा आणि गुळवेल चालू करा, इम्युनिटी वाढली की सगळं बरं होतं. आणि आई एकच वाक्य धरून बसलीय, "माझ्याच पोटचा हाय, मग माझी किडनी त्याला का चालंना?" तिला काय सांगू?

तासगावचा बागवाला

भावा, आधी घाबरू नको. मला सहावं वरीस चालू हाय, बायकोची किडनी, दोनदा बायोप्सी झालीय. ते जीनबिन शिकलेली लोकं सांगतील, मी लेव्हलचं सांगतो. रक्त द्यायच्या दिवशी सकाळची टॅक्रो घ्यायची नसती, आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास होत आले की रक्त द्यायचं आणि मगच गोळी. मी एकदा घाईत पहाटे गोळी घिऊन तसाच मिरजेला गेलतो, लेव्हल आली १८, डॉक्टरनी डोस उतरवला, पुढच्या वेळी लेव्हल तळाला. चूक माझी आणि नाचानाच सगळ्यांची. तुझ्या भावाला हेच ईचार पयलं, रक्ताच्या दिवशी गोळी घेतलीती का. जुलाब झाल्ते का ते पण ईचार, जुलाबात लेव्हल चढती. आणि मेडिकलवाल्यानं कंपनी बदलून दिली का बघ, एकच कंपनी धरून ऱ्हायचं.

आता माझा येडेपणा ऐक. डिस्चार्जच्या कागदावर लिवलंवतं ग्रेपफ्रूट खाऊ नये. मी वाचलं ग्रेप. घरची अडीच एकर द्राक्षबाग, आणि मी दोन सीझन एक मणी तोंडात घातला नाही, बेदाण्याच्या शेडात तोंड बांधून उभा ऱ्हायचो. तिसऱ्या वर्षी डॉक्टरला म्हणलं सायेब एक घड तरी चालंल का, तर ते हसाय लागलं. ग्रेपफ्रूट म्हंजे ते आपल्या पपनशीच्या जातीतलं, मोठं लिंबूच म्हण की, त्यानं गोळी पचायची थांबती आणि लेव्हल वर जाती. पपनस पण बंद. द्राक्षाचा काय संबंध नाय, शुगर आणि पोटॅशियम बघून खायाची.

आणि मामाला सांग गुळवेल तुमच्या तुमी प्या. ज्या इम्युनिटीला झोपवायला महिन्याला एवढं पैसं घालतोय तिलाच काढा पाजून उठवायचं व्हय?

आरएनएवाली_वाई

दादा, तुमचा पहिलाच प्रश्न भारी आहे. मी वाईची, आता पुण्यात लॅबमधे आरएनएवर काम करते. किडनीची डॉक्टर नाही, त्यामुळे डोसाबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

आईची जीन्स भावाची होत नाहीत. किडनीच्या पेशींत आईचाच डीएनए राहतो, दहा वर्षांनी तुकडा काढला तरी तिथल्या नळ्यांच्या पेशींत आईचाच सापडेल. पण त्या तुकड्यात पांढऱ्या पेशी घुसल्या असतील तर त्यांच्यात भावाचा. सुईतून निघालेल्या शेवईएवढ्या तुकड्यात मायलेक दोघंही असतात. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी डबा खाताखाता थांबले होते.

मग बदलतं काय? सातबारा आठवा. सातवर मालक कोण आणि क्षेत्र किती, ते सहजी हलत नाही. बारावर या हंगामात काय पेरलं, ऊस का सोयाबीन का पड. डीएनए म्हणजे सात आणि जीनची ॲक्टिव्हिटी म्हणजे बारा. माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच वीसेक हजार जीन्स असतात, पण किडनीत जी पिकतात ती लिव्हरमधे पड असतात. जीन चालू झाली की तिच्या आरएनए प्रती निघतात, त्या मोजायच्या. तलाठी बांधावर येऊन पीक बघून जायचा तसंच (आता ई-पीक पाहणी आलीय, ती लोक घरी बसून कशी भरतात यावर वेगळा धागा काढा).

रिजेक्शन सुरू झालं की त्या शेतात वेगळंच पीक दिसायला लागतं. इंटरफेरॉन गॅमाने (लढणाऱ्या पेशी सोडतात तो इशारा) जागी होणारी जीन्स, उदाहरणार्थ सीएक्ससीएल ९ आणि सीएक्ससीएल १०, ही दोन म्हणजे भावाच्या पेशींना "इकडं या" म्हणून हाक मारणारी. मग ग्रॅन्झाइम बी आणि पर्फोरिन, ही आलेल्या पेशींची हत्यारं. अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन असेल तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची जीन्स वर येतात. बॅन्फ म्हणून कॅनडात गाव आहे, १९९१ मधे तिथं पॅथॉलॉजिस्ट जमले आणि बायोप्सी कशी वाचायची याचे नियम ठरवायला लागले, तुमच्या रिपोर्टातला बॉर्डरलाइन शब्द त्याच नियमातला. त्याच मंडळींनी पुढे ७७० जीन्सची एक यादी तयार केली, ट्रान्सप्लांटच्या बायोप्सीसाठीच. मेणात ठेवलेल्या तुकड्यावरही ती चालते, म्हणून परत सुई टोचायला लागत नाही. भावाला हे नक्की सांगा, खूश होईल.

आता गोळ्या. टॅक्रो जीन बंद करते हे खरं, पण मुख्यतः किडनीतली नाही, भावाच्या टी-सेलमधली, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींतली. टी-सेलला परकं काही दिसलं की कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम एका निरोप्याला मोकळं करतं, निरोप्याचं नाव एनएफएटी. तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि आयएल-२ ची जीन चालू करतो. आयएल-२ म्हणजे दवंडी, ती पिटली की गाव गोळा होतं. टॅक्रो निरोप्याला वेशीतच अडवते. निरोप नाही तर दवंडी नाही. मायकोची (मायकोफेनोलेट, टॅक्रोच्या जोडीची गोळी) तऱ्हा निराळी, ती निरोपात पडतच नाही, पेशीला एकाच्या दोन व्हायला जो कच्चा माल लागतो त्यातलं ग्वानिन तोडते. बाकीच्या पेशी जुना माल परत वापरून भागवतात, लिम्फोसाइटला (टी-सेल याच जातीतल्या) ते नीट जमत नाही, म्हणून मार त्यांनाच बसतो. स्टेरॉइड मात्र स्वतःच केंद्रकात शिरून ढिगाने जीन्स वरखाली करतं, म्हणून तर साखर, हाडं, चेहरा, भूक, झोप, सगळंच हलतं.

आणि गंमत बघा, टॅक्रो पचवणारी जीन्स भावाची. त्याच्या आतड्यात आणि लिव्हरमधे सीवायपी ३ए५ हे एन्झाइम बनत असेल तर त्याला डोस जास्त लागणार, बनत नसेल तर कमी. म्हणून दुसऱ्याचा डोस बघून आपला जोखायचा नसतो. बागवाले काका म्हणतात ते पपनस आणि ग्रेपफ्रूट याच घरातल्या सीवायपी ३ए४ ला बंद पाडतात. आणि सांगलीकरांसाठी खास: हळदीच्या कॅप्सूल नकोत. भरपूर हळद खाऊन टॅक्रोची लेव्हल चढल्याची आणि किडनीला मार बसल्याची केस छापून आलेली आहे. आमटीतली चिमूट चालते, सकाळी उपाशीपोटी चमचाभर फक्की नाही.

आईंना काय सांगायचं? आईकडून भावाला निम्मी जीन्स आली, उरलेली निम्मी वडिलांची. आईच्या उरलेल्या निम्म्या भावाकडे नाहीत, तेवढ्यापुरती ती किडनी त्याच्या टी-सेलना परकीच. माणसात किडनीचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनला झालं ते जुळ्या भावांत, एकाच गर्भातून झालेले हुबेहूब जुळे, म्हणून त्यांना या गोळ्या लागल्याच नाहीत. बाकी सगळ्यांना लागतात, पोटचा असला तरी.

तासगावचा बागवाला

ताई सातबाऱ्याचं एक नंबर सांगितलं. सहा वर्सात कुणी असं सांगितलं नव्हतं.

सडेतोड_सांगली

सगळं छान आहे पण मला एक कळत नाही. स्लाइडवर डॉक्टरला कळलं नाही म्हणून अजून एक महागडी टेस्ट, त्यातही कळलं नाही की तिसरी. माझ्या मेव्हण्याच्या वेळी क्रिएटिनिन वाढलं की सरळ स्टेरॉइडचं सलाइन लावायचे आणि बरा व्हायचा. जीन बघून काय वेगळं करणार आहेत?

स्लाइडवाला_कराड

सडेतोडभाऊ, राग येऊ देऊ नका पण बरोबर याच्यासाठीच थांबतात. मी पॅथॉलॉजीत आहे, किडनी बायोप्सी बघतो.

बॉर्डरलाइन म्हणजे तुकड्यात सूज थोडी आहे, नळ्यांच्या भिंतीत थोड्या लिम्फोसाइट शिरल्यात, पण रिजेक्शन म्हणायला जेवढ्या लागतात तेवढ्या नाहीत. आता हे चित्र दोन कारणांनी दिसू शकतं. एक, रिजेक्शनची सुरवात. तिथं औषध वाढवायचं. दुसरं, बीके व्हायरस. तिथं औषध कमी करायचं. स्लाइडवर सूज तीच, क्रिएटिनिन तेच, पेशंटला त्रास दोन्हीकडे शून्य, आणि उपाय एकदम उलटे. बीके असताना स्टेरॉइडचे तीन डोस दिले तर व्हायरसला रान मोकळं. तुमचा मेव्हणा बरा झाला कारण त्याला रिजेक्शनच असणार.

बीके हे पेशंटच्या नावाचं आद्याक्षर आहे, १९७१ साली किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या एका पेशंटच्या लघवीत हा व्हायरस पहिल्यांदा सापडला. बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, सर्दीसारखा, कळतही नाही, मग तो किडनीत आणि मूत्रमार्गात झोपून राहतो. गोळ्यांनी पहारा सैल झाला की उठतो. पहिल्या दोन वर्षांत जास्त, म्हणजे तुमचे १४ महिने त्यातच आले.

आता जीन टेस्टबद्दल खरं सांगतो, वाईच्या ताईंनी बाजू जरा जास्तच गोड मांडलीय. बीकेमधे पण टी-सेलच धावून येतात, त्यामुळे सीएक्ससीएल ९, १०, ग्रॅन्झाइम सगळं तिथंही वर दिसतं. दवंडी कोणी पिटली ते दवंडीवरून कळत नाही. म्हणून त्या ७७० च्या यादीत व्हायरसची स्वतःची काही जीन्स घातलीत, ती दिसली तर मग बोलता येतं. शिवाय किडनीला मार लागला की जखमेची जीन्स उठतात, केआयएम-१ वगैरे, आणि ती कशानेही उठतात, रक्तपुरवठा कमी पडला, इन्फेक्शन झालं, काहीही. मृत दात्याची किडनी बर्फातून येते तेव्हा पहिल्या दिवसांत ती जिवंत दात्याच्या किडनीपेक्षा जास्त वर असतात, तिथं रिजेक्शनचा संबंध नसतो. आणि खुद्द टॅक्रो किडनीत येणाऱ्या बारीक धमन्या आवळते, वर्षानुवर्षं लेव्हल जास्त राहिली तर टीजीएफ-बीटासारखी व्रण धरवणारी जीन्स वाढतात. ज्याने किडनी वाचते त्यानेच हळूहळू ती निबर होते. म्हणून तर सुरवातीला लेव्हल जास्त ठेवतात आणि मग उतरवत आणतात.

टेस्ट बिनकामाची आहे असं नाही. अँटिबॉडीच्या रिजेक्शनसाठी बॅन्फच्या नियमात २०१३ पासून जीनचा पुरावा धरतात. पण आपल्याकडे ती रोजची तपासणी नाही आणि स्लाइडच्या जागी येणारी तर नाहीच, शेजारी बसणारी आहे.

कृष्णाकाठचे, तुम्ही उद्या फोन करून दोन गोष्टी विचारा. रक्तातलं बीके पीसीआर, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजायची तपासणी, झालंय का? आणि बायोप्सीवर एसव्ही ४० चा स्टेन, म्हणजे तुकड्यातला व्हायरस दाखवणारा रंग, लावलाय का? स्टेन निगेटिव्ह असला तरी पीसीआर पाहिजेच, कारण बीके किडनीत ठिपक्याठिपक्यांनी बसतो, सुई नेमकी चांगल्या जागेतून गेली तर तुकड्यात येत नाही. हे त्यांच्या डोक्यात असणारच, तरी विचारा, विचारलेलं कुणाला आवडत नाही असं नसतं.

सडेतोड_सांगली

मान्य. मेव्हण्याच्या वेळी बीके पीसीआर केलं होतं का ते घरी विचारतो आता.

साताऱ्याची_काकू

मी दाता. लेकीला दिली, २०१६ ला. मला शास्त्रातलं काही समजत नाही पण तुझी आई काय म्हणते ते मला समजतं. लेकीचं क्रिएटिनिन पॉइंट दोनने वाढलं तरी मला वाटायचं माझ्याच किडनीत खोट असणार, पहिल्यापासून खराब मालच दिला की काय. रात्री उठून बसायचे. तिला सांग, देताना सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, किडनी चांगली होती म्हणूनच घेतली. आणि तिचं स्वतःचं वर्षाचं चेकिंग करून घे, बीपी आणि लघवीतली प्रथिनं. सगळे पेशंटकडे बघत बसतात, देणारी विसरून जाते. मी तीन वर्षं गेलेच नव्हते.

कृष्णाकाठचा (सांगली)

मंडळी, अपडेट. काकू, तुमचं वाचून दाखवलं आईला. काही बोलली नाही, उठून चहा टाकला. तिची लघवी तपासायला दिलीय.

स्लाइडवालेसाहेब, फोन केला. एसव्ही ४० निगेटिव्ह होता. पीसीआरचा रिपोर्ट त्याच दिवशी यायचा होता, संध्याकाळी आला, बीके पॉझिटिव्ह, व्हायरसच्या ४० हजारांच्या वर कॉपी. डॉक्टर म्हणले १० हजारांच्या वर गेलं की आम्ही गांभीर्यानं घेतो. मायको निम्मी केली, टॅक्रोची लेव्हल जरा खालच्या अंगाला ठेवणार, स्टेरॉइडचे डोस नाहीत. जीन टेस्टला तुकडा गेलाय, रिपोर्टला वेळ आहे.

बागवालेकाका, तुमचं खरं निघालं. ९ ची लेव्हल आली त्या दिवशी गोळी घेऊनच रक्त दिलं होतं, कबूल झाला. दुसरं पण एक कबूल झाला. मामा त्याला दुकानावर येऊन काढा देऊन जायचा, पंधरा-वीस दिवस, घरात कुणालाच पत्ता नाही. बाटली मी आणली, आत काय काय आहे ते मामालाही नीट माहीत नाही. डॉक्टरांना सांगितलं, ते एवढंच म्हणले की आधी सांगायला पाहिजे होतं. मामाशी आई बोलत नाहीये सध्या.

आता एकच भीती. औषध कमी केल्यावर रिजेक्शन खरंच सुरू झालं तर?

स्लाइडवाला_कराड

भीती रास्त आहे, कधीकधी होतं. म्हणून दोन-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पीसीआर. कॉपी उतरायला आठवडे, कधी महिने लागतात, पहिल्याच रिपोर्टला शून्याची वाट बघू नका. क्रिएटिनिन आहे तिथं थांबलं तरी चांगलं समजा. कॉपी उतरल्या आणि क्रिएटिनिन चढत राहिलं, तर मग परत सुई.

आरएनएवाली_वाई

आणि जीन रिपोर्ट आला की नाव-नंबर झाकून इथं टाका दादा, स्लाइडवाल्यांशी माझं भांडण अजून संपलेलं नाही.

तासगावचा बागवाला

मामावर लई चिडू नका, मायेनं देतो माणूस. बाटली मातूर फेका.

कृष्णाकाठचा (सांगली)

बाटली डॉक्टरांनी ठेवून घेतली. परवा पुन्हा रक्त, पहाटेच्या गाडीनं पुण्याला निघतोय. रात्रीची गोळी बरोबर नऊला देणार, सकाळची माझ्या खिशात.